नाव आपलं, सही कुणाची?

पुढचा संवाद रचलेला आहे. यातले कारखानदार म्हणजे कोणी एक गृहस्थ नव्हेत. चाकण, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी या पट्ट्यात वाहन कंपन्यांना आणि त्यांच्या मोठ्या पुरवठादारांना सुटे भाग, जिग-फिक्स्चर, पॅकिंगचं सामान करून देणारे जे छोटे कारखाने आहेत, त्यांची बाजू या एका तोंडी घातली आहे. ती मुद्दाम लेचीपेची करायची नाही एवढं पथ्य पाळलं आहे. ई-मेलच्या व्यवस्थेबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक वेळा ती सेवा विकणाऱ्यांनी लिहिलेलं असतं, आणि त्यात शंका काढणाऱ्याला शेवटी सगळं पटतंच. इथे तसं होणार नाही.

कारखानदार: सर, सरळ विचारतो. नवीन मशीन बसवलं की दसऱ्याच्या आधी आम्ही दोन-तीन हजार मेल टाकतो. परचेसवाल्यांचे पत्ते असतात, मोशीच्या प्रदर्शनात जमा केलेली कार्डं असतात. उत्तरं येतात दोन-चार. बाकीच्यांना फोन केला तर कुणी म्हणतं मिळालाच नाही, कुणी म्हणतं स्पॅममध्ये पडला होता. वेबसाइटवाला म्हणतो, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क करून घ्या, मग मेल इनबॉक्समध्येच जाईल. तीन नावं सांगितली आणि बिल लावलं. यात खरं किती?

लेखक: शेठ, तिन्ही गोष्टी करायलाच हव्यात, पण त्यासोबत दिलेलं आश्वासन खोटं आहे. या नोंदी मेल पोहोचवत नाहीत. मेल तुमच्या कंपनीच्या नावाने, तुमच्या परवानगीने निघाला आहे, एवढंच त्या सिद्ध करतात. ते एकदा सिद्ध झालं की त्या मेलचं बरंवाईट तुमच्या खात्यावर चढायला लागतं. मेल पोहोचणं हा त्या खात्यावरच्या जमेचा परिणाम असतो. हे असं का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल. मेल ने-आण करण्याचा मूळ नियम, एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढला. तेव्हा जाळ्यावर होती ती विद्यापीठं आणि संशोधन संस्था, म्हणजे बहुतेक एकमेकांना ओळखणारी माणसं. पाठवणारा सांगेल ते नाव खरं मानायचं, असा त्या नियमाचा स्वभाव. त्यातही पाठवणाऱ्याचं नाव दोन ठिकाणी येतं. एक सर्व्हर सर्व्हरला सांगतो तो परतीचा पत्ता, जो वाचणाऱ्याला दिसत नाही. दुसरं मेल उघडल्यावर ‘फ्रॉम’पुढे दिसतं ते. दोन्ही जुळली पाहिजेत असं त्या नियमात कुठेही नाही. त्यामुळे आजही तुमच्या कंपनीचं नाव ‘फ्रॉम’मध्ये टाकून कुणीही, कुठूनही मेल सोडू शकतो. त्याला अडवायचं तर घेणाऱ्या सर्व्हरने चौकशी करायला हवी आणि तुम्ही त्या चौकशीचं उत्तर आधीच लिहून ठेवलेलं हवं. ते लिहायची जागा म्हणजे डीएनएस. तुमच्या डोमेनचं हे उघडं दप्तर, वाचायला सगळ्या जगाला मोकळं, लिहायला फक्त मालकाला. एसपीएफच्या नोंदीत, आमच्या नावाने मेल सोडायची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे, ते लिहायचं. डीकेआयएममध्ये पाठवणारा सर्व्हर प्रत्येक मेलवर गुप्त किल्लीने सही करतो आणि ती पडताळायची उघड किल्ली दप्तरात ठेवलेली असते. वाटेत मजकुरात फेरफार झाला तर सही जुळत नाही. डीमार्क या दोघांवरचा. वाचणाऱ्याला दिसणारं नाव आणि वरच्या दोनपैकी निदान एका पडताळणीत पास झालेलं नाव एकच असलं पाहिजे, असं तो म्हणतो. नसेल तर मेलचं काय करायचं, हेही तोच सांगतो.

कारखानदार: म्हणजे कंपनीच्या गेटसारखंच झालं. आमची गाडी गेली की सिक्युरिटीवाला नंबर यादीत आहे का बघतो, तो तुमचा एसपीएफ. पेटीचं सील शाबूत आहे का बघतो, तो डीकेआयएम. चलनावर नाव कुणाचं आणि गाडी पाठवली कुणी, हे जुळत नसेल तर गाडी आत घ्यायची, बाजूला लावायची की परत पाठवायची, तो डीमार्क. पण सर, गेटमधून आत गेला म्हणून माल पास होत नाही. इन्स्पेक्शनला रिजेक्ट होतो तो होतोच. मग गेटपास काढायचे पैसे कशाला घालू?

लेखक: गेटपास नसेल तर इन्स्पेक्शनपर्यंत माल जातच नाही, म्हणून. आणि गेट आता पूर्वीसारखं सैल राहिलेलं नाही. गुगल आणि याहू यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०२४ पासून लागू केलं की जीमेलवर किंवा याहूवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी हवंच. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला पाच हजारांच्या वर पाठवणाऱ्याकडे दोन्ही हवीत आणि वर डीमार्कही हवा. जाहिरातीच्या मेलमध्ये एका टिचकीत नाव काढून घेण्याची सोय हवी. मायक्रोसॉफ्टनेही आउटलुक, हॉटमेल, लाइव्ह या आपल्या खात्यांसाठी ५ मे २०२५ पासून जवळजवळ हाच नियम आणला. गुगलचं म्हणणं असं की आधीच्या वर्षी काही ना काही पडताळणी सक्तीची केल्यावर जीमेलकडे येणारे बिनओळखीचे मेल ७५ टक्क्यांनी घटले. आकडा कंपनीने स्वतःच दिलेला आहे, म्हणून थोडा हात राखून घ्या. पण वाऱ्याची दिशा त्यातून कळते.

कारखानदार: पाच हजार! आम्ही वर्षातून एकदा तीन हजार पाठवणार, तेही तुकड्यातुकड्यांनी. आणि आमची गिऱ्हाइकं काय जीमेलवर बसलेली नाहीत, सगळ्यांचे कंपनीचे पत्ते आहेत. हा नियम आम्हाला लागूच होत नाही.

लेखक: अक्षरशः वाचलं तर तुमचं बरोबर आहे. गुगलचा हा नियम जीमेलच्या खासगी खात्यांपुरता आहे, आणि पाच हजारांची अट तुम्हाला शिवत नाही. नियमाची भीती घालून सेवा विकणारे ही गोष्ट लपवतात, म्हणून ती आधीच मान्य करतो. पण तुमचे परचेसवाले ज्या कंपनी-मेलवर बसलेत त्याच्या मागे बहुतेक ठिकाणी मायक्रोसॉफ्ट किंवा गुगल यांचीच यंत्रणा असते, आणि ती यंत्रणा आलेल्या प्रत्येक मेलच्या डोक्यावर या तीन पडताळण्यांचा निकाल लिहून ठेवते. निकाल वाचून काय करायचं ते त्या कंपनीचा आयटी विभाग ठरवतो. अनोळखी छोट्या पुरवठादाराचा, पडताळणी नसलेला, पीडीएफ जोडलेला मेल बाजूला टाकायला त्याला गुगलचं फर्मान लागत नाही. आणि शेठ, तुम्ही दसऱ्याच्या मेलमध्ये अडकून पडलात. तुमचं खरं मार्केटिंग ते नव्हेच. चौकशी आली, तुम्ही दोन दिवस बसून दर काढला, कोटेशन पाठवलं. ते परचेसच्या जंक फोल्डरमध्ये पडून राहिलं आणि ऑर्डर शेजारच्या शेडमध्ये गेली, तर त्याचा हिशेब कुठल्याच वहीत येत नाही. बिलाचंही तेच. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यातली ४५ दिवसांची मुदत माल स्वीकारल्यापासून मोजतात, बिल वाचल्यापासून नाही. पण बिल मिळालंच नाही असं अकाउंट्सने म्हटल्यावर कायद्याचं कलम घेऊन भांडायला कोण जातं? तेव्हा प्रश्न तीन हजार जाहिरातींचा नाही, रोजच्या दहा-वीस कामाच्या मेलचा आहे.

कारखानदार: ठीक. पण आता माझी खरी तक्रार ऐका. गेल्या वर्षी वेबसाइटवाल्याने हे सगळं केलं असं सांगितलं. हिरव्या टिकांचा कागद दाखवला. तरी मेल स्पॅममध्येच. याला काय म्हणायचं?

लेखक: दोन शक्यता. पहिली ही की टिका खऱ्या आहेत, पण सही तुमच्या नावाची नाही. सगळ्यात जास्त गफलत होते ती इथे. गुगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ घेतलं की ते पहिल्या दिवसापासून मेलवर डीकेआयएमची सही करतात. पण तुमच्या डोमेनची किल्ली बनवून दप्तरात टाकली नसेल तर ती सही त्यांच्या स्वतःच्या डोमेनने होते. तपासणाऱ्याला ‘डीकेआयएम पास’ दिसतं आणि डीमार्कच्या लेखी ते शून्य, कारण चलनावर नाव तुमचं आणि सील दुसऱ्याचं. घाऊक मेल पाठवणाऱ्या सेवांचंही हेच. परतीचा पत्ता त्यांचा असतो, त्यामुळे एसपीएफ पास होतो तो त्यांच्या नावावर. तुमच्या एसपीएफमध्ये त्यांचं नाव घुसवून काही साधत नाही. त्यांच्या पॅनेलमध्ये जाऊन तुमच्या डोमेनची डीकेआयएम किल्ली आणि परतीच्या पत्त्यासाठी तुमचं उपडोमेन लावून घ्यावं लागतं. साध्या शेअर्ड होस्टिंगवर मेल असेल तर आणखी एक गोम आहे. एसपीएफमध्ये तुम्ही ज्या सर्व्हरला परवानगी दिली त्याच सर्व्हरवर इतर शेकडो जणांच्या वेबसाइट असतात. त्यातल्या कुणी गैरवापर केला तर सर्व्हरच्या पत्त्याचं नाव खराब होतं, आणि त्या होस्टिंगवाल्याने बंधन घातलं नसेल तर तो माणूस तुमच्या नावाने मेल सोडूनही एसपीएफ पास होऊ शकतो. म्हणून मी एसपीएफपेक्षा डीकेआयएमला वजन देतो. मेल एका पत्त्यावरून दुसरीकडे आपोआप फॉरवर्ड झाला की पाठवणारा सर्व्हर बदलतो, एसपीएफ तिथेच पडतो. मजकुराला हात लागला नसेल तर सही मात्र टिकते. परचेसच्या सामाईक पत्त्यावर आलेला मेल चार माणसांकडे फॉरवर्ड होणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

दुसरी शक्यता तुम्हाला आवडणार नाही. सगळं बरोबर जुळलंय, आणि मेल तरीही स्पॅममध्ये जातो, कारण तो लोकांना नको आहे. गुगल घाऊक पाठवणाऱ्यांना सांगतं की तक्रारीचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, आणि शक्यतो ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा. म्हणजे हजारातल्या तीन जणांनी ‘स्पॅम’चं बटण दाबलं की तुम्ही रेषेवर. प्रदर्शनात ज्याने स्वतः कार्ड दिलं त्याची गोष्ट वेगळी. पण पेनड्राइव्हवर विकत मिळणारी पाच-दहा हजार पत्त्यांची यादी घेऊन त्यावर मेल टाकलात तर हजारात तिघं चिडायला कितीसा वेळ लागतो? आधी पडताळणी नव्हती तेव्हा ती चीड कुणाच्या खात्यावर मांडायची हे यंत्रणेला नक्की कळत नव्हतं. आता कळतं. आणि तो डाग तुमच्या कोटेशनच्या मेललाही लागतो, कारण डोमेन एकच. म्हणून जाहिरातीचे मेल वेगळ्या उपडोमेनवरून पाठवावेत, कामाचे मूळ नावावरून. भिंत पक्की नसते, पण असलेली बरी.

कारखानदार: म्हणजे मी पैसे खर्चून स्वतःच्याच विरुद्ध पुरावा तयार करायचा! आणि जो खरा लुच्चा आहे तो काय करतो? तोही शंभर रुपयांचं डोमेन घेतो, तुमच्या तिन्ही नोंदी टाकतो, आणि हिरव्या टिका मिरवत लॉटरीचे मेल पाठवतो.

लेखक: पाठवतो. पण त्याला रोज नवं डोमेन घ्यावं लागतं, कारण कालच्याचं नाव काल रात्रीच खराब झालेलं असतं. तुमच्याकडे एकच नाव आहे आणि ते तुम्हाला वीस वर्षं चालवायचंय. ओळख पटवणारी व्यवस्था प्रामाणिक माणसाला फायद्याची ठरते ती ओळखीने प्रामाणिकपणा सिद्ध होतो म्हणून नाही, तर ज्याला टिकायचंय त्याच्या टिकण्याची किंमत होते म्हणून. स्वतःविरुद्ध पुरावा म्हणालात तर हो, तसंच आहे. प्रत्येक बिलावर जीएसटी नंबर छापता तोही तुमच्याविरुद्धचा पुरावाच, पण तो नसलेल्या बिलावर कुठली कंपनी पैसे सोडते?

कारखानदार: जीएसटी सरकारचा आहे. कायदा विधिमंडळात, संसदेत झाला. त्यावर भांडायला ऑफिस आहे, कोर्ट आहे. एसएमएसचंही मला समजतं. दूरसंचार नियामक ट्रायने नियम केले, डीएलटीच्या नोंदणी-पोर्टलवर आम्ही हेडरची नोंदणी केली, टेम्पलेट मंजूर करून घेतलं. त्रास झाला, पण कुणाकडे जायचं ते माहीत होतं. इथे अमेरिकेतल्या दोन-तीन कंपन्या एका सकाळी ठरवणार की खेड तालुक्यातल्या कारखान्याचा मेल घ्यायचा की नाही. हे मला मान्य नाही.

लेखक: इथे माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि असल्याचा आव आणणार नाही. ट्रायच्या २०१८ च्या नियमांनी व्यापारी एसएमएसला नोंदणीची चौकट दिली. ई-मेलला आपल्याकडे तशी चौकट नाही, आणि ती रिकामी जागा या कंपन्यांनी भरली. गुगल म्हणतं की एकदा घाऊक पाठवणारा ठरलात की तो शिक्का कायमचा. त्याविरुद्ध अपील कुठल्या न्यायासनापुढे करायचं? हा सत्तेचा प्रश्न आहे आणि तुमचा राग रास्त आहे. फक्त एक भेद लक्षात घ्या. नियम लादणारे ते असले तरी ही तीन तंत्रं त्यांच्या मालकीची नाहीत. ती इंटरनेटच्या मानकांच्या खुल्या दस्तऐवजांत छापलेली आहेत: एसपीएफची सध्याची आवृत्ती २०१४ ची, डीकेआयएमची २०११ ची, डीमार्क २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला. डीकेआयएमचं मूळ याहू आणि सिस्को यांनी वेगवेगळ्या केलेल्या दोन प्रयोगांत आहे; पण आज ते वापरायला त्यांची परवानगी लागत नाही, परवाना शुल्क नाही, कुणी प्रमाणपत्र देत नाही. नोंद तुमच्या दप्तरात तुम्ही लिहिता. उद्या गुगल सोडून दुसऱ्याकडे गेलात तरी नाव आणि त्याची नोंदवही तुमच्याबरोबर येते. उलट जो फुकटच्या जीमेल पत्त्यावरून धंदा करतो, तो खरा या कंपन्यांच्या दारात बसलेला आहे. ‘फ्रॉम’मध्ये जीमेलचा पत्ता आणि मेल पाठवतंय दुसरंच घाऊक सॉफ्टवेअर, असं असेल तर तो मेल बाजूला टाकू, असं गुगलने त्याच नियमावलीत स्पष्ट सांगितलंय. त्या पत्त्याच्या दप्तरात तुम्हाला एक ओळही लिहिता येत नाही.

कारखानदार: मग मेलच सोडून देतो. व्हॉट्सॲपवर माणूस ओळखीचा, फोटो दिसतो, निळी टीक दिसते. कोटेशन तिथेच टाकतो.

लेखक: चालू संबंधांत टाका, कोण अडवतंय? पण फोटो म्हणजे ओळख नव्हे. पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटचं प्रकरण सप्टेंबर २०२२ मध्ये वर्तमानपत्रांत आलं होतं: कंपनीच्या प्रमुखांच्या नावाने व्हॉट्सॲपवर संदेश आले, ते खरे समजून काही खात्यांवर एक कोटी एक लाखाच्या वर रक्कम वळती झाली. नाव कुणाचंही लावता येतं ही अडचण तिथेही तशीच आहे. फरक एवढाच की तिथे पडताळणीची नोंद लिहायला तुमच्याकडे काही दप्तर नाही.

कारखानदार: बरं झालं तुम्हीच फसवणुकीवर आलात. माझ्या नावाने कुणी आमच्या गिऱ्हाइकाला मेल टाकला की ‘आमचं बँक खातं बदललंय’, तर डीमार्क ते थांबवतो का? हो किंवा नाही सांगा.

लेखक: हुबेहूब तुमच्या डोमेनने टाकला, तुमचं डीमार्कचं धोरण ‘रिजेक्ट’, म्हणजे परत पाठवा, असं असलं आणि समोरचा सर्व्हर ते पाळत असला, तर हो. एखादं अक्षर इकडेतिकडे केलेल्या दुसऱ्या डोमेनने टाकला, तर नाही. आणि दुसऱ्या प्रकाराने झालेलं नुकसान लहान नाही. २०१५ मध्ये मुंबईत उघड झालेल्या प्रकरणात ओएनजीसीच्या पत्त्यात किरकोळ फेरफार केलेल्या मेलवर विसंबून सौदी अरामकोने मालाचे पैसे भलत्याच खात्यात भरले. रक्कम १९७ कोटी. जानेवारी २०१९ मध्ये बाहेर आलेलं टेक्निमोंट या इटालियन कंपनीच्या भारतीय शाखेचं प्रकरण त्याहून गुंतागुंतीचं. समूहाच्या प्रमुखांच्या पत्त्यासारख्याच दिसणाऱ्या पत्त्यावरून मेल, मग गुप्त खरेदीच्या नावाखाली फोनवर बैठका, आणि सुमारे १३० कोटी रुपये हाँगकाँगला. या दोन्ही ठिकाणी खऱ्या कंपनीने डीमार्क कितीही कडक ठेवला असता तरी नकली पत्त्यावर त्याचा अंमल चाललाच नसता. जगाचा हिशेब पाहायचा तर अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात अशा धंद्याच्या मेलमधल्या फसवणुकीच्या सुमारे २९० कोटी डॉलरच्या तक्रारी आल्या. त्यातल्या कितीशा निव्वळ नोंदींनी टळल्या असत्या? काही थोड्या. कुणाचा खरा मेलबॉक्सच हॅक झाला असेल तर त्या मेलवर तुमची खरीखुरी सहीच असते.

मग उपयोग काय? चोराला दारं अनेक असतात. सगळ्यात सोपं, बिनखर्चाचं दार तुमचंच हुबेहूब नाव वापरण्याचं, ते बंद होतं. त्याला नवं डोमेन विकत घ्यावं लागतं, आणि कालपरवा जन्मलेल्या डोमेनकडे मेल यंत्रणा संशयानेच बघतात. उरलेल्या दारांसाठी माणसांची शिस्त लागते: खातं बदलल्याचा मेल आला तर जुन्या, आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये देशातल्या बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हे राखीव डोमेन जाहीर केलं आणि नंतर त्यावर यायला ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली, तेही याच विचाराने. नावं सारखी दिसण्याचा प्रश्न नोंदींनी सुटत नाही, म्हणून कुंपणच वेगळं घातलं. चाकणच्या वर्कशॉपला असं राखीव कुंपण कुणी देणार नाही.

कारखानदार: हे प्रामाणिक उत्तर झालं. आता करायचं म्हटलं तर खर्च किती, बिघाड किती? आमच्याकडे आयटीवाला नाही. अकाउंटंटच सगळं बघतो.

लेखक: नोंदींना खर्च नाही, वेळ आणि चिकाटी लागते. पण पहिलं काम नोंदींचं नाहीच. तुमचं डोमेन कुणाच्या नावावर, कुणाच्या लॉगिनमध्ये आहे ते बघा. वेबसाइट करून देणाऱ्याने स्वतःच्याच खात्यात डोमेन घेतलेलं असतं आणि दरवर्षी नूतनीकरणाचं बिल पाठवत राहतो, ही व्यवस्था छोट्या कारखान्यांत इतकी रुळलेली आहे की तिच्यात काही गैर आहे असं वाटतही नाही. शेडच्या भाडेपट्ट्याचा कागद कधी दुसऱ्याच्या कपाटात ठेवाल का? वेबसाइटवाला चांगलाच असेल, पण उद्या त्याने धंदा बंद केला, भांडण झालं, की तुमचं नाव, मेल, सगळी ओळख त्याच्या पासवर्डमागे. ते आधी कंपनीच्या नावावर घ्या. तो कुरकुर करेल, चार दिवस टाळेल, सोडू नका. सगळ्या कामात याला सर्वाधिक वेळ जातो आणि याबद्दल कोणी बोलत नाही.

दुसरं, तुमच्या नावाने मेल कुठून कुठून निघतात त्याची यादी. ऑफिसची खाती सगळ्यांना आठवतात. बिलं पाठवणारं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर, वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म, पगाराच्या स्लिपा पाठवणारं पोर्टल, चलनं स्कॅन करून मेल करणारा प्रिंटर, कॅमेऱ्यांची सूचना पाठवणारा डबा, हे कुणालाच आठवत नाहीत. एसपीएफमध्ये नोंद एकच ठेवायची. दोन टाकल्या की दोन्ही बाद, आणि हे फार घडतं, कारण नवी सेवा घेताना तिचा माणूस जुन्या नोंदीत भर घालायच्या ऐवजी नवीच ओळ टाकून जातो. शिवाय त्या नोंदीतून दहापेक्षा जास्त वेळा दुसऱ्या नोंदी शोधायची पाळी आली तरी तपासणी कोसळते. डीकेआयएमची किल्ली २०४८ बिटांची घ्या. ती लांब असल्याने काही जुन्या पॅनेलमध्ये तिचे तुकडे करून टाकावे लागतात, तिथे चूक झाली की सही कधीच जुळत नाही. हे झाल्यावर डीमार्क, पण सुरुवातीला ‘नन’ या धोरणाने, म्हणजे कुणाला अडवू नका, फक्त मला कळवा. मग गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि बाकीचे तुम्हाला अहवाल पाठवू लागतात: तुमच्या नावाने कुठल्या पत्त्यावरून किती मेल आले, किती जुळले. ते यंत्राच्या भाषेत असतात, डोळ्यांनी वाचवत नाहीत, पण वाचून देणाऱ्या मोफत सेवा आहेत. विसरलेला प्रिंटर त्यातच सापडतो.

कारखानदार: आणि मग ‘रिजेक्ट’ करायचं. नेमकी भीती तिथेच आहे. एखादी सेवा यादीतून राहिली आणि आमचीच बिलं कंपनीने परत पाठवली तर? तुमच्या शिस्तीपायी माझं पेमेंट अडकायचं.

लेखक: भीती खरी आहे, म्हणून घाई करू नये. मात्र ‘नन’वरच कायमचं बसून राहणं म्हणजे यादी लावून ठेवायची आणि दार उघडंच ठेवायचं. बरीच डोमेन तिथेच थांबतात, कारण गुगलच्या नियमाला तेवढं पुरतं आणि हिरवी टीक मिळते. अहवालात महिनाभर अनोळखी असं काही उरलं नाही, तुमची स्वतःची सगळी ठिकाणं जुळू लागली, की ‘क्वारंटाइन’वर जा. तिथे चुकलेला मेल निदान समोरच्याच्या जंकमध्ये सापडतो. त्यानंतर ‘रिजेक्ट’.

कारखानदार: ‘नन’ उद्या करून टाकतो, त्याला काही जात नाही. डोमेनचं वेबसाइटवाल्याशी मी बोलतो, ते माझ्यावर सोडा. पण पुढचं मार्च अखेर गेल्याशिवाय नाही. बिलं, डेबिट नोट, बॅलन्स कन्फर्मेशन, सगळं तेव्हाच मेलवर असतं.

लेखक: मार्चमध्ये मीही हात लावू देणार नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फेब्रुवारी-मार्चचे अहवाल घेऊन बसा. वर्षभरातली सगळी सॉफ्टवेअरं त्याच दोन महिन्यांत मेल सोडतात, तेव्हा यादीतून राहिलेलं जे काही असेल ते त्यात दिसेलच. पेनड्राइव्हवरची ती यादी मात्र तोवर कुणाला लावू देऊ नका.

कारखानदार: यादीचं बघू.